कवळीची कुळकथा

माण तालुक्यातल्या आमच्या आत्याकडे कवळी होती, पण ती तोंडात क्वचितच असायची. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. भाकरी ती आमटीत कुस्करून खायची. "आत्या, कवळी लाव की," असे कुणी म्हटले तर म्हणायची, "ती जेवायला न्हाई बाबा, लग्नाकार्याला हाय."

आठवडी बाजारात बसून दात करणाऱ्या एका माणसाने ती एकाच बैठकीत करून दिली होती. वरची कशीबशी टिकायची. खालची बोलताना उचलली जायची आणि हिरडीला घासून फोड यायचा. काही वर्षांनी आत्याने दुसरी कवळी करून घेतली. तिच्यासाठी पाच खेपा झाल्या. दोन्ही कवळ्या शेजारी ठेवल्या तर रंगारूपाने सारख्याच दिसत. गुलाबी हिरडी, पांढरे दात. पण दुसरी तोंडात राहिली. एका बैठकीत जे झाले नाही, ते पाच खेपांत काय झाले?

या प्रश्नाच्या मागे लागले की एका व्यवसायाचा इतिहास उलगडत जातो. गेलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्राला प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणतात. कवळी, एकेका दातावरची टोपी, दोन दातांच्या आधाराने मधली फट भरणारा ब्रिज, कर्करोगामुळे टाळूचा भाग काढावा लागला तर ते भोक बुजवणारे झाकण, ही सारी या शास्त्राची कामे. दंतवैद्यकाची ही शाखा असली तरी तिची मुळे दवाखान्यात कमी आणि सोनार, ओतारी, कुंभार, सुतार यांच्या कामाच्या जागी जास्त सापडतात.

पुण्यातले मेणाचे नाक

सुरुवात दातापासून नव्हे, नाकापासून करू. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध चालू असताना, १७९२ साली, इंग्रजी फौजेतला कोवासजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्यात त्याला नवे नाक करून दिले गेले. कपाळाची कातडी देठासह सोडवून ती खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची, अशी ती शस्त्रक्रिया होती. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे सचित्र वर्णन छापले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये हीच पद्धत वापरली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे.

आपल्या दृष्टीने त्या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, कपाळावर सुरी ठेवण्याआधी त्या माणसाने मेणाचा पातळ पत्रा घेतला, उरलेल्या नाकावर दाबून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. किती कातडी लागणार हे त्याने अंदाजाने ठरवले नाही, मेणाने मोजले. दुसरी गोष्ट, रुग्णाचे नाव आपल्याला माहीत आहे, पण शस्त्रक्रिया करणाराचे नाव त्या वर्णनात नाही. तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढेच त्यात आहे.

मेण आणि निनावी कारागीर हे दोन धागे पुढे सतत भेटतील.

मेणाच्या जागी सोने

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. या चालुक्यांच्या साम्राज्यात आजच्या कऱ्हाड-सांगलीचा मुलूखही येत असे. इथले शिलाहार त्यांचे मांडलिक होते. या ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची. जाळलेला भुसा, कापसाचे बारीक तुकडे आणि मीठ घालून वाटलेल्या मातीचे तिच्यावर तीन थर द्यायचे. माती सावलीत वाळली की तापवून आतले मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत रसरशीत धातू ओतायचा. माती फोडली की मूर्ती मिळते.

पण धातू किती घ्यायचा? कमी पडला तर मूर्तीचा हात अपुरा राहील, जास्त घेतला तर वाया जाईल. मानसोल्लास सांगतो की मेण आधी तोलून ठेवा. तांबे-पितळ त्याच्या आठ-दहा पट, रुपे बारा पट आणि सोने सोळा पट घ्या.

हे आकडे मुलांना तपासून पाहायला सांगा. मधमाशांच्या मेणाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९६ ग्रॅम. पितळेची सुमारे ८.५, चांदीची १०.५. भागाकार केला तर पितळेला नऊ पट आणि चांदीला अकरा पट येते. ओतताना थोडा धातू वाया जाणार हे धरले तर नऊशे वर्षांपूर्वीचा नियम चोख आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३, त्याला वीस पट हवे. सोळा पट हा आकडा मात्र आजच्या अठरा कॅरटसारख्या, तांबे-रुपे मिसळलेल्या सोन्याला जुळतो.

आता थेट १९०७ सालात या. अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट या दंतवैद्याने न्यूयॉर्कमध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक नवी पद्धत मांडली. किडलेल्या दातातला खड्डा साफ करायचा, त्यात बसेल असा मेणाचा तुकडा घडवायचा, त्याच्याभोवती उष्णता सोसणारे लेपन ओतायचे, मेण जाळून काढायचे आणि पोकळीत दाबाने सोने भरायचे. टॅगार्टने एकस्व घेतले आणि ही पद्धत वापरणाऱ्यांवर खटले भरले. पण आयोवातील फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याने दहाएक वर्षे आधीच तेच सांगितले होते, असे निघाले आणि एकस्व टिकले नाही. ओतारी तर हे हजारो वर्षे करतच होते.

मग टॅगार्टचे काहीच श्रेय नाही का? आहे. सोन्याची मिश्रधातू थिजून थंड होताना लांबीत सुमारे दीड टक्का आकसते. मूर्तीचे त्याने काही बिघडत नाही. पण दहा मिलिमीटरच्या दाढेवर दीड टक्का म्हणजे ०.१५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट. जेवताना दातांत केस आला तरी आपल्याला लगेच कळते. टॅगार्टनंतरच्या पिढीने यावर उपाय शोधला. तापल्यावर आणि थिजताना नेमके तेवढेच फुगेल असे लेपन तयार केले. धातू जितका आकसतो तितका साचा आधीच मोठा होतो. दंतप्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आजही मेणाचा नमुना तोलतो, त्याला मिश्रधातूच्या घनतेने गुणतो आणि तेवढा धातू काढून घेतो. त्याने सोमेश्वराचे नाव ऐकलेले असेलच असे नाही.

हत्तीचा, माणसाचा, चिनी मातीचा

ओतलेल्या दाताची गोष्ट अशी. संपूर्ण कवळीची याहून जुनी आहे. जपानमध्ये १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी जपून ठेवलेली आहे. चिवट, बारीक पोताच्या लाकडातून ती कोरलेली आहे. जपानात हे काम मूर्ती कोरणाऱ्या कारागिरांकडून पुढे आले.

युरोपात हस्तिदंत आणि पाणघोड्याचा दात वापरत. लाळेने तो सडे, पिवळा पडे आणि दुर्गंधी येई. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही दंतकथा आहे, शब्दशः दंतकथा! प्रत्यक्षात तिच्यात हस्तिदंत, धातू, स्प्रिंगा आणि माणसांचे दात होते. वॉशिंग्टन यांच्या हिशेबात १७८४ साली गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून विकले गेले. श्रीमंताच्या हसण्यामागे कुणाचे तरी तोंड रिकामे झालेले असे.

यातून सुटका केली ती चिनी मातीने. पॅरिसमधला औषधविक्रेता द्यूशातो स्वतःच्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळला होता. दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र औषधे कुटूनही स्वच्छ राहतात, हे त्याच्या लक्षात आले. १७७४ च्या सुमारास त्याने चिनी मातीची कवळी भाजून पाहिली. पण भाजताना माती आकसते आणि तोंडाचे माप चुकते. पुढे द शेमाँ या दंतवैद्याने ही कल्पना सुधारली. १८०८ साली फोन्झी या इटालियन दंतवैद्याने सबंध कवळीऐवजी एकेक सुटा दात भाजून त्यात प्लॅटिनमची खुंटी बसवली. एकेका दाताचे आकसणे सांभाळता येते. अडचण मोठी असेल तर तिचे लहान तुकडे करावेत, हा धडा विज्ञानात पुन्हा पुन्हा भेटतो.

वेदना गेली आणि दातही गेले

शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल पहिल्यांदा जाहीरपणे दिली गेली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनमध्ये. देणारा होता विल्यम मॉर्टन. तो शल्यविशारद नव्हता, कृत्रिम दात बसवणारा दंतवैद्य होता. कवळी नीट बसायची तर हिरडीत उरलेली मुळे आधी काढावी लागत. ती वेदना सोसायला लोक तयार नसत आणि मॉर्टनचा धंदा अडत असे. म्हणून तो वेदना थांबवणारे काहीतरी शोधत होता. साऱ्या मानवजातीला मिळालेल्या भुलेच्या वरदानामागे अशी एक कवळीची अडचण होती.

भूल आली, तसे लोक दात काढून घेऊ लागले आणि कवळ्यांची मागणी वाढली. पण सोन्याच्या पत्र्यावर बसवलेली कवळी सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. इथे रबर मदतीला आले. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती शोधली. त्याचा भाऊ नेल्सन याने गंधकाचे प्रमाण वाढवून कडक रबर बनवले आणि १८५१ साली त्याचे एकस्व घेतले. मऊ असताना साच्यात दाबायचे आणि तापवून कडक करायचे. तोंडाच्या मापाची, हलकी, स्वस्त कवळी आता शक्य झाली.

मात्र रबराच्या कवळीचे एकस्व ज्या कंपनीकडे होते ती प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे घेई आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन यासाठी गावोगाव फिरे. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल शॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. १८८१ मध्ये एकस्वाची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना मोकळी झाली. एखादा शोध कुणापर्यंत पोहोचेल हे पुष्कळदा रसायनापेक्षा कागदावरच्या हक्काने ठरते.

भुकटी आणि द्रव

रबराचा तपकिरी रंग हिरडीसारखा दिसत नसे. १९३० नंतरच्या दशकात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे आपले अ‍ॅक्रिलिक, आले आणि दहा-बारा वर्षांत त्याने रबराला जवळपास हद्दपार केले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा याच पदार्थाच्या होत्या, आणि हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात बसवलेले पहिले कृत्रिम भिंगही याचेच होते.

कवळी करताना आधी मेणावर दात मांडतात. ती मेणाची कवळी पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडतात. उकळत्या पाण्याने मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकचा गोळा दाबतात. म्हणजे मानसोल्लासातलीच रीत, फक्त धातूऐवजी प्लास्टिक.

हा गोळा भुकटी आणि द्रव मिसळून होतो. द्रव म्हणजे सुटे रेणू. त्यांची साखळी जुळताना ते जवळ येतात आणि आकारमान २१ टक्क्यांनी घटते. नुसता द्रव वापरला तर कवळी मापाला बसणारच नाही. म्हणून बहुतेक भाग आधीच साखळी जुळलेल्या भुकटीचा ठेवतात. गोळ्यात द्रवाचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे घट २१ च्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांवर येते. शिवाय द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे १०० अंश सेल्सिअस आहे आणि साखळी जुळताना उष्णता बाहेर पडते. घाईने तापवले तर आतला द्रव उकळतो आणि कवळीत इडलीसारखी भोके पडतात. म्हणून ७४ अंशाच्या आसपास तासन् तास पाण्यात ठेवावे लागते.

आत्याची पहिली कवळी एका बैठकीत कशी झाली असेल याचा इथे अंदाज येतो. तापवावे न लागणारे, आपोआप घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिकही मिळते. ते डागडुजीसाठी ठीक असते. पण त्यात साखळीबाहेर राहिलेला द्रव जास्त असतो, आणि तो हिरडीला झोंबतो.

१९४८ चा मार्च

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली पडले. संस्थाने विलीन झाली त्याच मार्च महिन्यात दिल्लीत दंतवैद्य कायदा संमत झाला.

देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले होते. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाशी जोडलेले महाविद्यालय निघाले. पण देशभर दातांची बहुतेक कामे शिकाऊ पद्धतीने शिकलेली माणसेच करत होती. कायद्याने त्यांचे काय करायचे? उत्तर असे काढले गेले की नोंदवहीचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात पदवीधर. दुसऱ्यात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय होता असे लोक. शिवाय कवळ्या आणि दातांची उपकरणे बनवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्यांसाठी 'डेंटल मेकॅनिक' हा स्वतंत्र वर्ग ठरला.

कायदा गरजेचा होता. तोंडात हात घालणाऱ्याला शरीर कळले पाहिजे, जंतुसंसर्ग कळला पाहिजे, जिभेखालचा पांढरा चट्टा पाहून शंका आली पाहिजे. आपल्याकडे मिश्री लावण्याची आणि तंबाखूची सवय किती खोल आहे हे शिक्षकांना सांगायला नको. हिरड्या झिजवणारी आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी हीच सवय. कवळीसाठी आलेल्या बाईचा असा चट्टा वेळीच दिसला तर जीव वाचतो. बाजारातल्या माणसाला तो दिसत नाही.

पण या विभागणीने एक भिंतही उभी राहिली. जो दात घडवतो त्याने रुग्णाचे तोंड पाहायचे नाही आणि रुग्णाने त्याला पाहायचे नाही. दोघांमध्ये असतो प्लास्टरचा साचा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा क्रमांक असतो. ही बाई हसते कशी, बोलते कशी, हे नसते. काही देशांनी ही भिंत थोडी खाली आणली. डेन्मार्क, फिनलंड, कॅनडाचे काही प्रांत आणि ऑस्ट्रेलिया येथे जादा शिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाला थेट कवळी बसवण्याची मुभा आहे. भारतात ती नाही. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला.

दोन वाटा

बारावीतली मुले विचारतात, यात जायचे तर कसे? वाटा दोन आहेत. पहिली दंतवैद्याची. नीट परीक्षा, चार वर्षांचा बी.डी.एस. अभ्यासक्रम, एक वर्ष प्रत्यक्ष काम आणि त्यापुढे तीन वर्षांचा एम.डी.एस., त्यात प्रॉस्थोडॉन्टिक्स ही शाखा. यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. आता सांगलीजवळ कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचे आणि कऱ्हाडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. दुसरी वाट डेंटल मेकॅनिकची, बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची. हिच्याबद्दल शाळेत फारसे कुणी सांगत नाही. जिचे हात चित्रकलेच्या आणि मातीकामाच्या तासाला चालतात आणि जिला रसायनशास्त्राची गोडी आहे, अशा मुलीसाठी ती खरोखर चांगली वाट आहे.

यंत्रे येतच आहेत. १९८५ मध्ये झुरिकमध्ये संगणकाने मोजून दात भरण्याचा तुकडा कोरला गेला. आज तोंडाचे माप प्रकाशाने घेतात आणि मेणाऐवजी छपाईयंत्र नमुना बनवते. तो छापलेला नमुनाही पुष्कळदा जाळून टाकून त्या पोकळीत धातू ओततात. रीत बदलली नाही, हात बदलला.

जवारी

पाच खेपांत काय झाले, हा प्रश्न राहिला. पहिल्या खेपेत तोंडाचा ढोबळ साचा, दुसरीत त्यावरून केलेल्या खास साच्याने बारीक माप. दात गेले की जबड्याचे हाड झिजत जाते, आणि खालचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. म्हणून खालच्या मापाला जास्त जपावे लागते. तिसऱ्या खेपेत दोन जबड्यांमधले अंतर ठरले. चौथीत मेणावर मांडलेले दात तोंडात घालून पाहिले. त्या दिवशी त्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला बोलावून घेतले होते. आत्याला "वावर", "सासर" असे शब्द म्हणायला लावले. 'व' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'स' म्हणताना दोन्ही दातांत बारीक फट राहते. 'स' शीळ घालू लागला, तसे त्या तंत्रज्ञाने समोर बसून मेण गरम केले आणि दोन दात किंचित मागे सरकवले. पाचव्या खेपेत कवळी मिळाली आणि नंतर घासकाम झाले. रंगीत कागद चावायचा, ठसा जास्त उमटेल तिथे कणभर घासायचे, पुन्हा चावायचा.

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात उभे राहिलात तर हीच क्रिया दिसेल. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस कणभर फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा कानस. याला जवारी काढणे म्हणतात. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम हाती घेतले. घोडी पूर्वी हस्तिदंताची असे, कवळीचेही तेच. या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्यावर घडवणाऱ्याचे नाव असते आणि गवई ते आदराने सांगतो. कवळीवर नाव नसते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. काचेच्या दोन सपाट पट्ट्या कोरड्या एकमेकींवर ठेवा, सहज सुटतात. मग मध्ये पाण्याचा एक थेंब टाका आणि सरळ वर ओढून सोडवायचा प्रयत्न करा. वरची कवळी टाळूला अशीच, लाळेच्या पातळ थराने धरून राहते. आता दोन पट्ट्यांत वाळूचा एक कण ठेवून पुन्हा पाहा. माप कणभर चुकले तर काय होते हे मुलांना सांगावे लागणार नाही.

नव्या कवळीने आत्या शेंगदाणे कधी खाऊ शकली नाही. कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या पाव हिश्श्याइतकाही येत नाही. पण भाकरी ती कुस्करायची थांबली. सगळ्यांबरोबर पंगतीला बसून, तुकडा मोडून खाऊ लागली. डॉक्टरांचे नाव तिला शेवटपर्यंत पाठ होते. समोर बसून मेण सरकवणाऱ्याला मात्र ती "तो दातवाला पोरगा" म्हणायची. त्याचे नाव विचारायचे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते.